अपघटन अभिक्रियांची समीकरणे: आधी उत्पादिते, मग आकडे (चर्चेचा धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

परीक्षानळी

अपघटनात, म्हणजे एक पदार्थ फुटून अनेक पदार्थ होतात त्या अभिक्रियेत, डाव्या बाजूला एकच पदार्थ असतो, म्हणून ही समीकरणे सगळ्यात सोपी असा समज आहे. तरी उत्तरपत्रिकेत चुका इथेच होतात, आणि त्या बहुतेक बेरजेच्या नसतात. उजव्या बाजूला कोणते पदार्थ येणार हे पक्के न करताच आकडे जुळवायला घेतले जातात आणि जे जुळले ते उत्तर समजले जाते.

हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. रेणूत हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू. कोणी असे लिहिले:

हायड्रोजन पेरॉक्साइड → हायड्रोजन + ऑक्सिजन

अणू मोजा. डावीकडे २ आणि २, उजवीकडेही २ आणि २. समीकरण पूर्ण संतुलित आहे, आणि पूर्ण चुकीचे आहे. पेरॉक्साइडच्या अपघटनात हायड्रोजन वायू सुटत नाही, पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात:

२ हायड्रोजन पेरॉक्साइड → २ पाणी + ऑक्सिजन

संतुलन हा अणूंचा हिशेब आहे. हिशेब जुळला म्हणजे व्यवहार तसाच झाला असे होत नाही. म्हणून माझा क्रम असा: उत्पादिते ठरवा, त्यांची सूत्रे संयुजेनुसार (अणू किती बंध जोडतो त्यानुसार) बरोबर लिहा, आणि मगच सहगुणकांना (पदार्थांआधीच्या आकड्यांना) हात लावा. सूत्र एकदा लिहिले की त्यातला आकडा बदलायचा नाही. ऑक्सिजन एक कमी पडतो म्हणून पाण्याच्या सूत्रात २ ऑक्सिजन केले, तर पदार्थच बदलला.

धाग्यापुरती एक सोय. टंकताना सूत्रातले खालचे आकडे वर येतात आणि सहगुणकांशी गल्लत होते. म्हणून इथे सूत्रांऐवजी नावे लिहू. नावाआधीचा आकडा म्हणजे सहगुणक, आकडा नसेल तर १. उत्पादितांत नुसते ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन किंवा क्लोरीन लिहिले असेल तर तो दोन अणूंचा रेणू समजावा.

पद्धत लेड नायट्रेटवर दाखवतो. स्फटिक परीक्षानळीत तापवले की तडतडतात, तपकिरी धूर येतो आणि खाली पिवळट अवशेष उरतो. धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा, अवशेष लेड ऑक्साइडचा. निखारा असलेली काडी आत नेली की पेटते, म्हणजे ऑक्सिजनही आहे. उत्पादिते तीन झाली.

लेड नायट्रेटच्या एका एककात शिसे १, नायट्रोजन २, ऑक्सिजन ६. इथे पुष्कळजण ऑक्सिजन ३ मोजतात, कारण सूत्रात नायट्रेट कंसात असते आणि कंसाबाहेरचा २ फक्त नायट्रोजनला लावला जातो.

शिसे: डावीकडे १, लेड ऑक्साइडमध्ये १. जुळले.
नायट्रोजन: डावीकडे २, म्हणून नायट्रोजन डायऑक्साइडला २.
ऑक्सिजन: डावीकडे ६. लेड ऑक्साइडात १, दोन नायट्रोजन डायऑक्साइडांत ४, झाले ५. उरला १ अणू, म्हणजे अर्धा रेणू.
अर्धा घालवायला सगळ्याला २ ने गुणा:

२ लेड नायट्रेट → २ लेड ऑक्साइड + ४ नायट्रोजन डायऑक्साइड + ऑक्सिजन

ताळा: शिसे २ आणि २, नायट्रोजन ४ आणि ४, ऑक्सिजन १२ आणि २ + ८ + २ = १२.

नियम म्हणून सांगायचे तर धातू आधी, मग इतर अधातू, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. हा प्रयोग धूरपेटीतच करावा. नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसांना घातक आहे आणि शिशाची संयुगेही विषारी आहेत.

मोजपात्र

सहमत. मूलकांबद्दल, म्हणजे एकत्र वावरणाऱ्या अणुगटांबद्दल, भर घालतो.

दुहेरी विस्थापनात सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट हे गट अखंड राहतात, म्हणून तिथे अख्खा गट एक मानून मोजायची सवय लागते आणि ती उपयोगाचीही असते. अपघटनात बहुतेक वेळा तो गटच फुटतो. लेड नायट्रेटच्या एका एककात नायट्रेट २ आहेत, उजव्या बाजूला एकही नाही. गटाने मोजणारा इथे अडकतो. अपघटन दिसले की प्रत्येक मूलद्रव्य सुटे मोजायचे.

अपवाद स्फटिकजलाचा, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा. मोरचूद हलके तापवले की सल्फेट शाबूत राहते, फक्त पाणी जाते:

मोरचूद → निर्जल कॉपर सल्फेट + ५ पाणी

वस्तुमान (सूत्रातल्या अणूंच्या अणुवस्तुमानांची बेरीज) २४९.५ = १५९.५ + ९०. निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते. तापवणे फार वाढवले तर सल्फेटही फुटते आणि काळे कॉपर ऑक्साइड दिसू लागते. म्हणून प्रश्नात किती तापवले हे दिले असेल तर ते वाचूनच उत्पादिते ठरवावीत.

नवसागर

पेरॉक्साइडच्या बाबतीत आणखी एक चूक दिसते: 'हायड्रोजन पेरॉक्साइड → पाणी + ऑक्सिजनचा सुटा अणू'. हेही संतुलित आहे. पण ऑक्सिजन वायू म्हणून बाहेर पडतो तो दोन अणूंच्या रेणूच्या रूपात. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही सात मूलद्रव्ये मोकळी झाली की जोडीनेच लिहायची. पारा, चांदी, सोडियम हे धातू मात्र एकेरी:

२ मर्क्युरिक ऑक्साइड → २ पारा + ऑक्सिजन
२ सिल्व्हर क्लोराइड → २ चांदी + क्लोरीन

पहिले उष्णतेने, दुसरे प्रकाशाने. जोसेफ प्रिस्टलीने १७७४ साली ऑक्सिजन मिळवला तो याच पहिल्या अभिक्रियेने.

सहगुणक

अर्ध्याबद्दल. 'अर्धा रेणू नसतोच, म्हणून समीकरणात अर्धा लिहिणे चूक' असे सरसकट सांगितले जाते. ते बरोबर नाही. सहगुणक रेणूंची संख्या सांगतो तसाच मोलही (रेणूंच्या ठरावीक मोठ्या संख्येचे माप) सांगतो, आणि अर्धा मोल ऑक्सिजन म्हणजे १६ ग्रॅम, यात अशक्य काही नाही. एका मोलमागे किती उष्णता सुटते हे लिहायचे असेल तर अर्धाच लिहावा लागतो:

हायड्रोजन पेरॉक्साइड → पाणी + १/२ ऑक्सिजन, सुमारे ९८ किलोज्यूल उष्णता बाहेर

दुप्पट केले की उष्णताही दुप्पट, सुमारे १९६. सहगुणक दुप्पट करून उष्णतेचा आकडा तसाच ठेवणे ही वरच्या वर्गांतली नेहमीची चूक आहे.

परीक्षेत पूर्णांक मागितले असतील तर पूर्णांक द्यावेत. मधल्या पायरीत अपूर्णांक ठेवायला मात्र काहीच हरकत नाही, उलट काम लवकर होते. शेवटी छेदांचा लसावि घेऊन सगळ्यांना गुणा. 'सगळ्यांना' हे महत्त्वाचे: ऑक्सिजनचा अर्धा गेला की हात थांबतो आणि बाकीचे सहगुणक जुनेच राहतात.

बुन्सेन

सगळ्या नायट्रेटांना लेड नायट्रेटचा साचा लावू नका. 'नायट्रेट तापवले' एवढे वाचून ऑक्साइड आणि तपकिरी धूर लिहिला जातो. धातूप्रमाणे उत्पादिते बदलतात.

सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेट: नायट्राइट आणि ऑक्सिजन. तपकिरी धूर नाही.
२ पोटॅशियम नायट्रेट → २ पोटॅशियम नायट्राइट + ऑक्सिजन (२०२ = १७० + ३२)

लिथियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, जस्त, शिसे, तांबे: ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन. लिथियम पहिल्या गणातले असूनही या रांगेत बसते:
४ लिथियम नायट्रेट → २ लिथियम ऑक्साइड + ४ नायट्रोजन डायऑक्साइड + ऑक्सिजन

चांदी आणि पारा: यांची ऑक्साइडे उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून थेट धातू मिळतो.
२ सिल्व्हर नायट्रेट → २ चांदी + २ नायट्रोजन डायऑक्साइड + ऑक्सिजन (३४० = २१६ + ९२ + ३२)

अमोनियम नायट्रेटात धातूच नाही. काळजीपूर्वक तापवले तर:
अमोनियम नायट्रेट → नायट्रस ऑक्साइड + २ पाणी (८० = ४४ + ३६)

शेवटचे कागदावरच ठेवा. बंदिस्त जागेत किंवा जास्त तापमानाला अभिक्रियेची वाट बदलते, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि वाफ एकदम सुटतात आणि स्फोट होतो. त्या वाटेचे समीकरण वेगळे: २ अमोनियम नायट्रेट → २ नायट्रोजन + ऑक्सिजन + ४ पाणी. डावीकडे पदार्थ तोच, उजव्या बाजू दोन, आणि दोन्ही समीकरणे संतुलित. परीक्षानळी यांनी मांडलेला मुद्दा इथे सगळ्यात ठळक दिसतो.

लसावि

सहगुणक ताडून पाहण्याची एक पट्टी आहे, अणू मोजण्याहून वेगळी. बुन्सेन यांच्या मधल्या रांगेत नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण नेहमी ४ : १ येते. ते का, हे इलेक्ट्रॉन मोजले की कळते.

नायट्रेटात नायट्रोजनची ऑक्सिडीकरण अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन दिले किंवा घेतले मानायचे तो आकडा) +५ असते, नायट्रोजन डायऑक्साइडात +४. म्हणजे दर नायट्रोजनमागे १ इलेक्ट्रॉन घेतला गेला. ऑक्सिजन -२ वरून ० वर येतो. एका रेणूत दोन अणू, म्हणून दर ऑक्सिजन रेणूमागे ४ इलेक्ट्रॉन दिले गेले. देणे-घेणे जुळायला ४ नायट्रोजन डायऑक्साइडमागे १ ऑक्सिजन हवा. धातूची अवस्था बदलत नसेल तोवर हे प्रमाण मोडत नाही.

चांदीत ते मोडते, कारण चांदीही +१ वरून ० वर येते. २ चांदी २ इलेक्ट्रॉन घेतात, २ नायट्रोजन २ घेतात, मिळून ४. समोर ऑक्सिजनचा एक रेणू. म्हणून तिथे २ : १.

तोंडी करायला ॲल्युमिनियम नायट्रेट चांगले. एककात ॲल्युमिनियम १, नायट्रोजन ३, ऑक्सिजन ९. ॲल्युमिनियम ऑक्साइडात ॲल्युमिनियम २, म्हणून डावीकडे किमान २. मग नायट्रोजन ६, आणि ४ : १ ने ऑक्सिजन दीड. दुप्पट करा:

४ ॲल्युमिनियम नायट्रेट → २ ॲल्युमिनियम ऑक्साइड + १२ नायट्रोजन डायऑक्साइड + ३ ऑक्सिजन

ऑक्सिजन ३६ = ६ + २४ + ६. वस्तुमान ८५२ = २०४ + ५५२ + ९६.

मोजपात्र

वस्तुमानाचा ताळा सगळेच देत आहेत, तर त्याची मर्यादाही सांगायला हवी. गंधकाचा १ अणू ३२, ऑक्सिजनचे २ अणूही ३२. त्यामुळे गंधक असलेल्या समीकरणात चुकीची मोजणीही वस्तुमानात खपून जाते. फेरस सल्फेटचे कोणी असे लिहिले:

२ फेरस सल्फेट → फेरिक ऑक्साइड + सल्फर ट्रायऑक्साइड + २ ऑक्सिजन

डावीकडे ३०४. उजवीकडे १६० + ८० + ६४, तेही ३०४. ताळा जुळला. पण गंधक डावीकडे २ आणि उजवीकडे १, ऑक्सिजन डावीकडे ८ आणि उजवीकडे १०. वस्तुमानाची बेरीज हा दुसरा ताळा आहे. पहिला ताळा मूलद्रव्यवार अणूंचाच.

परीक्षानळी

उत्तम उदाहरण, आणि फेरस सल्फेट नीट सोडवण्याजोगेही आहे, कारण नुसते पाहून सहगुणक लावायला गेलो की इथे गोंधळ होतो. गंधक दोन उत्पादितांत आहे आणि ऑक्सिजन तिन्ही उत्पादितांत.

बाजारातले हिराकस म्हणजे ७ पाणी असलेले फेरस सल्फेट. तापवल्यावर आधी पाणी जाते आणि हिरवे स्फटिक पांढरट होतात. अपघटन त्यानंतरचे, बरेच जास्त तापवल्यावर: तपकिरी-लाल अवशेष आणि जळत्या गंधकासारखा उग्र वास. दोन टप्पे, दोन समीकरणे. एकाच ओळीत कोंबले की पाण्याचा ऑक्सिजन मोजताना चूक होते.

दुसऱ्या टप्प्याला बीजगणित लावू. सहगुणक क्रमाने क, ख, ग, घ:

क फेरस सल्फेट → ख फेरिक ऑक्साइड + ग सल्फर डायऑक्साइड + घ सल्फर ट्रायऑक्साइड

लोह: क = २ख
गंधक: क = ग + घ
ऑक्सिजन: ४क = ३ख + २ग + ३घ

ख = १ धरा. मग क = २. गंधकावरून ग + घ = २. ऑक्सिजनवरून ८ = ३ + २ग + ३घ, म्हणजे २ग + ३घ = ५. पहिल्याची दुप्पट वजा केली की घ = १, म्हणून ग = १.

२ फेरस सल्फेट → फेरिक ऑक्साइड + सल्फर डायऑक्साइड + सल्फर ट्रायऑक्साइड
३०४ = १६० + ६४ + ८०

लसावि यांची पट्टी लावून पाहा. २ लोह +२ वरून +३ वर जातात, दिले २. एक गंधक +६ वरून +४ वर येतो, घेतले २. दुसरा गंधक +६ वरच राहतो. सल्फर डायऑक्साइड आणि ट्रायऑक्साइड एकास एक का, याचे उत्तर इथे मिळते: गंधक सल्फेटात होता त्याच अवस्थेत राहिला की ट्रायऑक्साइड होतो, आणि लोहाने दिलेले दोन इलेक्ट्रॉन ज्याने घेतले त्याचा डायऑक्साइड.

नवसागर

पोटॅशियम परमँगनेटलाही हीच पट्टी लावता येते.

२ पोटॅशियम परमँगनेट → पोटॅशियम मँगनेट + मँगनीज डायऑक्साइड + ऑक्सिजन (३१६ = १९७ + ८७ + ३२)

एक मँगनीज +७ वरून +६, दुसरा +७ वरून +४. घेतले १ + ३ = ४, बरोबर एका ऑक्सिजन रेणूचे. परमँगनेट आणि मँगनेट यांची नावे जवळची असल्यामुळे एक पोटॅशियम हरवतो. मँगनेटात पोटॅशियम २ आहेत.

बुन्सेन

पोटॅशियम क्लोरेटमध्ये मँगनीज डायऑक्साइड कुठे लिहायचे यावर नेहमी वाद होतो. ते उत्प्रेरक आहे, अभिक्रियेनंतर तेवढेच उरते, म्हणून बाणावर. दोन्ही बाजूंना लिहिले तरी हिशेब मोडत नाही. एका बाजूला लिहिले की मात्र मोडतो.

२ पोटॅशियम क्लोरेट → २ पोटॅशियम क्लोराइड + ३ ऑक्सिजन
२४५ = १४९ + ९६

इथे ऑक्सिजन डावीकडे ३, उजवीकडे २ च्या जोडीत. ३ आणि २ चा लसावि ६, म्हणून डावीकडे २ आणि ऑक्सिजनला ३. पोटॅशियम, क्लोरीन आपोआप २.

क्लोरेटात कोळसा, गंधक, साखर किंवा कागदाचा कपटाही मिसळता कामा नये. काळी पूड दिसली म्हणून मँगनीज डायऑक्साइडऐवजी कोळशाची पूड घेतली गेली तर मिश्रण स्फोटक होते. बाटलीवरचे नाव वाचूनच पूड घ्यावी.

लसावि

याच क्लोरेटमध्ये एक अवघड जागा आहे. उत्प्रेरकाशिवाय बेताने तापवले तर पोटॅशियम परक्लोरेटही तयार होते. कोणी तिन्ही उत्पादिते एका ओळीत मांडून संतुलन मागितले:

पोटॅशियम क्लोरेट → पोटॅशियम क्लोराइड + पोटॅशियम परक्लोरेट + ऑक्सिजन

तर याला एक उत्तर नाही. ही दोन्ही पाहा:

२ क्लोरेट → १ क्लोराइड + १ परक्लोरेट + १ ऑक्सिजन (ऑक्सिजन अणू ६ = ४ + २)
८ क्लोरेट → ५ क्लोराइड + ३ परक्लोरेट + ६ ऑक्सिजन (ऑक्सिजन अणू २४ = १२ + १२)

दोन्ही संतुलित, आणि एक दुसऱ्याची पट नाही. अशी अगणित निघतील. मूलद्रव्ये तीन असली तरी पोटॅशियम आणि क्लोरीन प्रत्येक पदार्थात एकास एकच असल्याने त्यांची समीकरणे सारखीच होतात. हातात दोनच समीकरणे राहतात आणि अज्ञात चार. एक सहगुणक मनाने धरला तरी आणखी एक मोकळाच.

रसायनाच्या बाजूने कारण असे की इथे दोन स्वतंत्र अभिक्रिया शेजारी शेजारी चालल्या आहेत:

२ क्लोरेट → २ क्लोराइड + ३ ऑक्सिजन
४ क्लोरेट → ३ परक्लोरेट + क्लोराइड

कोणती किती चालली त्यावर प्रमाण ठरते. त्या स्वतंत्रच लिहाव्यात. बीजगणितात एकापेक्षा जास्त सहगुणक मोकळे उरले की समजावे, एका बाणात दोन अभिक्रिया बांधल्या गेल्या आहेत.

मोजपात्र

उत्पादिते तराजूने कशी ठरवायची याचे सगळ्यात सोपे आणि सुरक्षित उदाहरण खाण्याच्या सोड्याचे, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचे. कागदावर तीन शक्यता, तिन्ही संतुलित:

अ) सोडियम बायकार्बोनेट → सोडियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड
आ) २ सोडियम बायकार्बोनेट → सोडियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड
इ) २ सोडियम बायकार्बोनेट → सोडियम ऑक्साइड + पाणी + २ कार्बन डायऑक्साइड

४.२० ग्रॅम सोडा घ्या, म्हणजे ०.०५ मोल. अ खरे असेल तर अवशेष २.०० ग्रॅम, आ खरे असेल तर २.६५, इ खरे असेल तर १.५५.

कोरडी मूस झाकणासह तोला. सोडा घालून परत तोला. झाकण किंचित तिरके ठेवा, म्हणजे वाफ जाईल पण पूड उडणार नाही. आधी मंद, मग मध्यम आच, दहा-पंधरा मिनिटे. शुष्कपात्रात (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करून तोला. पुन्हा पाच मिनिटे तापवून परत तोला. लागोपाठची दोन वजने ०.०१ ग्रॅमच्या आत जुळेपर्यंत हे चालू ठेवा.

अवशेष २.६५ च्या जवळ येतो, म्हणजे आ. वजन जास्त भरले तर बहुधा अपघटन अपुरे आहे, किंवा उघड्यावर गार केल्याने अवशेषाने हवेतली वाफ ओढली आहे. कमी भरले तर पूड उडाली असावी, किंवा मुळातला सोडाच दमट होता. गरम मूस तराजूवर ठेवली तर हवेच्या प्रवाहाने आकडा डळमळतो आणि वजन कमी दिसते.

एका योगायोगापासून जपा. आ मध्ये वजनातली घट ४.२० - २.६५ = १.५५ ग्रॅम. इ मध्ये अवशेष १.५५ ग्रॅम. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून १८ + ४४ = ६२, सोडियम ऑक्साइडही ६२, म्हणून हे होते. घटीचा आकडा अवशेषाच्या रकान्यात पडला तर चुकीचे समीकरण तंतोतंत सिद्ध झाल्यासारखे दिसते. रकान्यांना नावे दिल्याशिवाय तोलायला घेऊ नये.

नवसागर

हेच परीक्षानळीत करत असाल तर नळीचे तोंड किंचित खाली झुकवा. तयार झालेल्या पाण्याचे तोंडाशी गार होऊन थेंब धरतात. तोंड वर असेल तर ते थेंब तापलेल्या बुडाशी ओघळतात आणि काच तडकते. वायू चुन्याच्या निवळीत सोडला असेल तर ज्योत काढण्याआधी वाहक नळी निवळीतून बाहेर घ्या, नाहीतर नळी गार होताना निवळी उलटी वर ओढली जाते. निवळी दुधाळ झाली म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि थेंब दिसले म्हणजे पाणी. अ समीकरणात पाणी नाही, त्यामुळे तराजू नसला तरी थेंबांवरून ते बाद होते. इ बाद करायला तराजूच हवा.

सहगुणक

परीक्षानळी, पहिल्या प्रतिसादातल्या 'ऑक्सिजन सगळ्यात शेवटी' या नियमाला माझा आक्षेप आहे. सोडियम थायोसल्फेट घ्या: सोडियम २, गंधक २, ऑक्सिजन ३. जास्त तापवल्यावर सोडियम सल्फेट आणि सोडियम पेंटासल्फाइड मिळते. पेंटासल्फाइडात सोडियम २, गंधक ५.

धातूपासून सुरुवात केली की सोडियम दोन्ही उत्पादितांत, हाती काही लागत नाही. गंधकही दोन्हींत. ऑक्सिजन मात्र फक्त सल्फेटात. इथे ऑक्सिजनच आधी घ्यायचा: डावीकडे ३, सल्फेटात ४, लसावि १२. म्हणून थायोसल्फेटला ४, सल्फेटला ३. सोडियम डावीकडे ८, सल्फेटांत ६, उरले २, म्हणजे पेंटासल्फाइड १. गंधक ८ = ३ + ५.

४ सोडियम थायोसल्फेट → ३ सोडियम सल्फेट + सोडियम पेंटासल्फाइड

तेव्हा नियम मूलद्रव्याच्या नावावरून करू नये. जे मूलद्रव्य उजवीकडे एकाच पदार्थात येते ते आधी, आणि जे सगळ्यात जास्त पदार्थांत विखुरले आहे ते शेवटी.

परीक्षानळी

आक्षेप मान्य. बहुतेक नायट्रेट, सल्फेटांत ऑक्सिजन सगळीकडे विखुरलेला असतो, म्हणून तो शेवटी घेतला जातो. मी त्याचाच नियम करून टाकला होता. लेड नायट्रेटमध्ये शिसे आणि नायट्रोजन एकेकाच उत्पादितात आहेत, ऑक्सिजन तिन्हींत, म्हणून तुमच्या नियमानेही क्रम तोच येतो. क्लोरेटात मात्र बुन्सेन यांनी ऑक्सिजनचाच लसावि आधी घेतला आहे, आणि तिथे तो एकाच उत्पादितात आहे. पहिल्या प्रतिसादातली ती ओळ आता अशी वाचावी: 'उजवीकडे एकाच पदार्थात असलेले मूलद्रव्य आधी, सगळ्यात जास्त पदार्थांत असलेले शेवटी.'

लसावि

थायोसल्फेटचा इलेक्ट्रॉन हिशेबही जुळतो. गंधकाची सरासरी अवस्था +२. सल्फेटातले ३ गंधक +६ वर जातात: दिले ३ × ४ = १२. पेंटासल्फाइडात पाच गंधकांवर मिळून -२, म्हणजे दर अणूमागे -०.४. +२ वरून तिथवर २.४, आणि ५ × २.४ = १२. सरासरी अवस्था अपूर्णांकात आली की हिशेब चुकला असे वाटते, पण बहुसल्फाइडात ती तशीच येते.